स्पेसबार

जुना कीबोर्ड फुकट द्यायच्याही लायकीचा नव्हता राहिला.
'न' झिजून पांढरा, आणि एंटर दाबला की
पत्र्यावर कोणी बोरं ओतावीत तसा आवाज.
आमचं घर एका खोलीचं, ग्लदानीत, सातव्या मजल्यावर.
बादरी पहाटे चारला उठून मिनीबस काढतो
आणि मी रात्री दहाला कामाला बसते,
तिबिलिसीच्या कोर्टातली रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायची,
कोण काय म्हणालं, कोण रडलं,
कोणी काहीच बोललं नाही तर तेही लिहायचं:
शांतता, सहा सेकंद.

दिवा लावला की बादरी कूस बदलतो.
लॅम्पवर टॉवेल टाकून पाहिला, टॉवेल करपला.
अंधारात टाइप केलं
तर एका साक्षीदाराचं आडनावच बदललं.

म्हणून शनिवारी स्टेशन चौकात गेले,
साठ लारी मुठीत. फार तर पासष्ट.
उशांगीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
तो स्वतः निम्मा बाहेर, कानामागे स्क्रूड्रायव्हर.
पहिला पुढे केला, म्हणाला, मेकॅनिकल, वीस वर्षं चालेल.
मी चार कळा दाबल्या.
हा चालेल हो, पण आमचं लग्न चालेल का?

दुसरा मात्र मांजराच्या पावलांचा.
बोट टेकावं आणि कळेने नुसती मान तुकवावी.
किंमत ऐकली, आणि जपून परत ठेवला,
झोपलेलं मूल ज्याचं त्याला द्यावं तसा.
तिसऱ्यातून सात रंग पळत होते, थांबेचनात.
नववर्षाचं झाड आहे म्हटलं माझ्याकडे.

चौथ्याचा डबा फाटका, अंग किंचित वाकलेलं.
डोळे मिटून माझं नाव लिहिलं, लतावरा.
पण बाजारात काय ऐकू येणार, कपाळ?
तेव्हा उशांगीने शटर अर्धं ओढलं,
रेडिओ बंद केला, शेजारी ओरडून सांगितलं,
त्सियाला, जरा दोन मिनिटं बिया फोडू नकोस!
आणि आम्ही तिघं गप्प उभे राहिलो,
माझ्या बोटांकडे कान लावून.

फक्त स्पेसबार वाजतो, तोच म्हणाला,
खोटं कशाला बोलू? म्हणून तर पंचावन्न.

जॉर्जियन अक्षरांचे स्टिकर त्याने वर फुकट दिले.
घरी येऊन एकेक चिकटवले, आणि मग लक्षात आलं,
स्टिकरखाली उजेड अडतो.
आता प्रकाश येतो तो फक्त कडांनी,
समोरच्या इमारतीत पडदे ओढल्यावर येतो तसा.
पुरतो तेवढा. बोटांना घरं सापडतात.

त्या रात्री दिवा नाही, खडखडाट नाही.
एका कानातला हेडफोन काढून ठेवला,
म्हटलं, ऐकू तरी, शांत घर कसं असतं.
फ्रिज. लिफ्टचा दोर. बादरीचा श्वास.
मग नुसता फ्रिज.
मी मोजायला लागले, कामाची सवय.
सात. आठ. अकरा.
चौदाव्याला त्याने असा श्वास ओढला
की जणू विहिरीतून वर आला.

अकरा वर्षं याच्या उशाशी मी बोरं ओतत होते.
किती वेळा थांबला असेल,
आणि मी तेव्हा कुठल्या परक्याची
शांतता सेकंदात मोजत असेन?

पुन्हा थांबला.
उठून हलवावं, तर चारला उठायचंय त्याला.
न हलवावं, तर.
अंगठा आपोआप स्पेसबारवर गेला.
टक्.
बादरीने श्वास घेतला.

योगायोगच तो, मला काय कळत नाही?
सोमवारी डॉक्टरकडे नेणार आहे.
तो म्हणेल, गाडी कोण चालवेल?
म्हणू दे.
तोवर कोर्टातल्या त्या बाईचं वाक्य
स्क्रीनवर अर्धंच राहिलंय,
दोन शब्दांच्या मध्ये ही एवढी मोकळी जागा.
सकाळी पुसून टाकीन.