पत्ती

निंबा आप्पा बडगुजरांची गाडी
बोरीच्या पुलावर चढत नाही.
सपाटीला ठीक.
पुलाची मान दिसली की हिची मान खाली.
आप्पा उतरतात, हँडल धरून शेजारून चालतात,
ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला,
गाडी नुसती बूऽऽ करते
आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरून हात काढत नाही.

'दम लागस तिले,' आप्पा म्हणाले.
'बठा,' मी म्हणालो, आणि स्टूल पुसलं.

आधी प्लग. काळा, ओला.
घासला, ठिणगी पाहिली: निळी, चटचटीत.
जेट फुंकून साफ केलं, सुईनं नाही
(सुईनं भोक वाढतं, हे उस्तादानं मला
पान्यानं बोटांवर मारून शिकवलं होतं).
सायलेन्सर उतरवला, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजला,
ठोकला. वाटीभर काजळी.
ऑइलचं माप पाहिलं. क्लच पाहिला.
तीन दिवस.
रोज पुलापर्यंत जायचं
आणि ढकलत परत यायचं.

शेजारचा टेलर म्हणाला, भंगारात घाला.
जळगावच्या दुकानात मॉडेलचं नाव सांगितलं
तर काउंटरवरचा पोरगा हसला,
त्याच्या जन्माआधीची गाडी.

एक गोष्ट मात्र खटकत होती.
फिल्टरचा फोम धुवायचो, वाळवायचो, लावायचो,
संध्याकाळी पुन्हा पेट्रोलनं ओला.
आत जायचं ते तोंडावाटे परत येत होतं.
दिसत होतं मला. कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले, चालू ठेव, बोलू नको.
डोळे मिटून बसले.
विसरलोच होतो मी, हा माणूस
एकतीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा,
जानोशापासून मांडवापर्यंत न थांबता.
डीजे आले, पेटी पलंगाखाली गेली.

'फुंक फुटस,' आप्पा म्हणाले.
'सुरनी आगोदर हवा वाया जास.
हिले पत्ती शे का?'

होती.
कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे, रीड व्हॉल्व्हमध्ये,
पोलादी, वहीच्या पुठ्ठ्याहून पातळ.
मी कधी उघडलाच नव्हता तो.
त्याला काही होत नाही, असं समजून चाललो होतो.

चार स्क्रू. एक गंजलेला, त्याला अर्धा तास.
आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला,
पुसलासुद्धा नाही, थेट उन्हाकडे धरला.
अमळनेरचं दुपारचं ऊन.
एका पाकळीच्या कडेनं ते आरपार आलं,
नखाएवढं नाही,
नखाच्या कडेएवढं.
पाकळी बसणीवरून उठून राहिली होती.
आप्पांनी सवयीनं जीभ ओठांवरून फिरवली
आणि माझ्याकडे बघून लाजले.

पाकळी पालटून लावली,
नवी मिळेपर्यंत निभावेल अशी.
बाटलीतलं पाव लिटर ओतलं.
किक. दुसरी किक.
आप्पा एकटेच बसले.

मी टपरीच्या दारात, हातात पाना.
टेलरनंही मशीन थांबवलं.
आवाज चढाला लागला,
जिथं रोज बसायचा तिथं बसला नाही,
वर गेला, पैलाडकडे उतरला
आणि ऐकू येईनासा झाला.

पाऊण तास झाला, आप्पा नाहीत.
बंद पडली म्हणून मी सायकल काढली.

पुलापलीकडे लिंबाखाली गाडी स्टँडवर,
आप्पा सीटवर बसून हसत होते.
'सात डाव चढनू,' म्हणाले,
'पेट्रोल सरनं.'

मग दोघांनी ढकलत आणली पुलावरून.
आप्पा पुढे, हँडलला,
नवरदेव निघतानाची कुठलीशी चाल गुणगुणत.
चढावर मला दम लागला.
त्यांना नाही.