वाळू फाट्यापर्यंत

मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं.
वरून नुसतं ओलं दिसतं, खाली काच.
ईसाल्मीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं
आणि हेल्मीला तर एकवीस वर्षं ठाऊक होतं:
टपालाची पिवळी ढकलगाडी, एकशे ऐंशी दारं.

पडली ती म्हाताऱ्या पेसोनेनच्या फाटकापाशी.
रक्त नाही. टोपीसुद्धा डोक्यावरच.
उठली, कोट झटकला, उरलेली पत्रं वाटली,
घरी आली आणि मला म्हणाली,
आज पत्रं वाटायची आहेत ना?

कुओपिओच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला.
स्वच्छ, करडा, नोव्हेंबरातल्या तळ्यासारखा.
काही नाही, म्हणाले.
ते काही नाही आम्ही गाडीत घालून घरी आणलं.

चमचा बशीला लागला की ती कान झाकायची.
दुकानात दुधाच्या कपाटासमोर रडू कोसळलं:
सात तऱ्हांची दुधं, त्यातलं आपलं कुठलं?
शेजारीण म्हणाली, चेहऱ्यावर किती तेज आलंय, सुट्टी मानवली.

मग जून.
अख्खा हिवाळा ही बाई उजेडाची वाट बघायची,
कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची, आज चार मिनिटं वाढली.
आता रात्री अकराला सूर्य खिडकीशी उभा
आणि मी स्टुलावर चढून
त्याच्या तोंडावर घोंगडी ठोकतोय.

पुनर्वसन केंद्रात लुटुपुटूचं स्वयंपाकघर आहे.
तुइया म्हणते, कॉफी कर. पाणी, कागद, पूड, बटण.
पहिल्या दिवशी नुसतं गरम पाणी झालं.
आम्ही तिघांनी ते प्यायलं. तुइयाने साखरही मागितली.
थकण्याआधी थांबायचं, ती म्हणते,
दहा मिनिटं चाल, वीस मिनिटं काळोख.
शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
पुढे हेल्मी तिच्याकडे अशी बघते
जणू उरलेले आकडे तिनेच लपवलेत.
खोट्या पत्त्यांची पंधरा पाकिटं: अकरा बरोबर.
पुढच्या आठवड्यात नऊ.
मी वहीत लिहून ठेवत होतो. मग सोडलं.

आणि रोज, जेवणानंतर कधीतरी, तोच प्रश्न:
त्या दिवशी रस्त्यावर वाळू नव्हती का?

मी नगरपालिकेचा. बर्फाचा नांगर माझा,
वाळूचा ट्रकही माझाच.
सांगायचो: वाळू फाट्यापर्यंत पुरली.
परत जाऊन भरून आणायला हवी होती.
पाळी संपत आली होती. म्हटलं, उद्या.
ती गप्प व्हायची. मग माझ्या मनगटावर हात:
असू दे.
दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.
पुन्हा प्रश्न, पुन्हा मी, पुन्हा असू दे.
एकाच गुन्ह्याची रोज नवी माफी मिळणारा
दुसरा माणूस ह्या गावात नसेल.
आणि तरी एकदा, एकदाच, मी म्हणालो,
होती वाळू. तूच घसरलीस.
बरं, ती म्हणाली.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
उजेडाचं निमित्त होतंच.

ऑगस्टात काळोख परत आला, घोंगडी उतरवली.
तुइयाने साउनाची मुभा दिली, कोमट, पाच मिनिटं.
आम्ही खालच्या फळीवर बसलो.
बाहेर कुणीतरी दगडांवरून होडी ओढत होतं,
तो खरखराट तिने सोसला.
मग म्हणाली, पेसोनेनचं फाटक बाहेर उघडतं, आत नाही.
हो, मी म्हटलं.
वाळू फाट्यापर्यंतच होती.
हो.
एकदा तू होती म्हणालास.

मी थांबलो.
ह्या वेळी मनगटावर हात आला नाही.
तिने तापल्या दगडांवर अर्धं ओगराळं पाणी टाकलं
आणि वाफेत, भिंतीकडे बघत,
हळूच उलटं मोजायला लागली:
त्र्याण्णव, शहाऐंशी,
एकोणऐंशी,
बहात्तर