थेंब उभा राहतो

नायना रात्रपाळीहून आला की
खिशातून कापडाचा तुकडा काढायचा,
वीतभर, पिवळट, कडा न शिवलेला.
"तांब्या आण की," म्हणायचा.
मी पाणी ओतायची,
आणि थेंब कापडावर उभा राहायचा
गोल, शहाणा, पाय न टेकवता.
तुकडा कलला की घरंगळून फरशीवर.
कापड कोरडं ठाक.
"बघ, सुताचं अळवाचं पान केलंय मी."

अळवावरचं पाणी म्हणजे क्षणाचं,
शाळेत बाईंनी सांगितलेलं.
पान कितीचं,
ते पुस्तकात नव्हतं.

टॉवेलला गिऱ्हाईक कमी झालेलं तेव्हा.
मालकानं नवं यंत्र आणलं, सोबत निळी पिंपं,
पिंपांवर दुसऱ्या देशाची अक्षरं.
टेबलक्लॉथ, छत्र्या, दवाखान्याचे पडदे:
पाणी नको, तेल नको, डाग नको.
चादरींच्या या शहरात
न भिजणारं कापड
नायनाच्या रुळांतून निघायला लागलं.
त्याला तीनशे रुपये वाढ.
रिकामी पिंपं कामगारांना पन्नासला एक.
आमच्या दारात दोन होती.
नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं,
मधले तीन दिवस
आम्ही निळं प्यायचो.

आणि बोअरचं.
कारखान्याचं धुवण ओढ्यात,
ओढा जमिनीत,
रंग नाही, वास नाही,
उन्हाळ्यात थोडा फेस, तोही काठाला.

आधी अंबूअक्काचा गळा सुजला.
मग शेजारच्या मल्लेशमच्या किडनीत गाठ.
मला थायरॉईडची गोळी, रोज पहाटे, अनशापोटी.
याचा त्याच्याशी संबंध आहे का, मी विचारलं.
सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाई पेन झटकत म्हणाल्या,
"असेल. नसेल.
घरी बिड्या वळता ना तुम्ही?"

मग निलोफर आली पुण्याहून,
प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन.
भर पावसात चिंब भिजत नमुने भरले तिनं.
मी छत्री धरायला गेले तर मागं सरली.
"छत्री नको, रेनकोट नको.
त्यातही तेच असतं. नमुना खोटा होईल."

उकळून प्यायलं तर?
"उकळल्यानं पाणी कमी होतं.
ते तेवढंच राहतं."
हारिकाच्या वहीत तिनं दोन अक्षरं काढली, मध्ये एक रेघ.
"हा कार्बन, हा फ्लोरीन. ही रेघ
उन्हानं तुटत नाही, मातीला पचत नाही.
रक्तात गेलं की वर्षानुवर्षं मुक्काम."

आमच्यात धागा तुटला की माग थांबतो,
बोटं गाठ मारतात, पुन्हा खडखडाट.
न तुटणारा धागा
आम्ही कुणाकडं मागितला होता?
मागितला होता.
दर पाळीला, देवाकडं.

रक्ताचे आकडे आले दोन महिन्यांनी.
माझा आकडा माझ्या आईपेक्षा कमी.
निलोफर म्हणाली, पोराला अंगावर पाजलं
की बाईचा आकडा थोडा उतरतो.
मला बरं वाटलं.
घटकाभर.
हारिका उंबऱ्यात बसून
चपलेचा बंद लावत होती.

परवा नायनाला ट्रंकेत तो तुकडा सापडला.
इतक्या वर्षांत कितीदा धुतलेला,
गाडी पुसलेला, आजारपणात कपाळावर ठेवलेला.
"तांब्या आण," म्हणाला नातीला.
तिनं पाणी ओतलं.
थेंब उभा राहिला नाही.
पसरला, मुरला,
खाली नायनाची मांडी ओली झाली.

"उतरलं की सगळं," तो म्हणाला,
तुकडा उजेडात धरून,
मुलाचे मार्क कमी आल्यासारखा.
"एवढं पक्कं होतं.
कुठं गेलं असेल गं?"

मी पदरानं त्याची मांडी टिपत राहिले.
तांब्यात घोटभर उरलेलं,
ते हारिकानं
उभ्या उभ्या पिऊन टाकलं.