सायलेन्सर

जुना गेला तो पुनवट फाट्याच्या गतिरोधकावर.
आधी त्याला एम-सील लावलं होतं, मग पत्रा, मग तार,
शेवटी उस्तादच्या घरच्या फुटक्या तव्याचा एक तुकडा.
कोळशाची धूळ आणि पाणी मिळून लोखंड कसं खातात
हे वणीत कुणाला सांगावं लागत नाही.
तिथून जब्बार मिस्त्रीपर्यंत आम्ही असे आलो
की रस्त्याकडेच्या म्हशी रवंथ थांबवून पाहत होत्या.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक कडुनिंब
आणि त्याला टेकवलेलं वेल्डिंग मशीन.
फांद्यांना सायलेन्सर टांगलेले, मांडवाला दुधी लटकावेत तसे.
वारा आला की एकमेकांना लागत, ठण्ण, आणि गप्प.

"कंपनीचा पायजे तं चंद्रपूरहून मागवा लागन,
चार दिवस अन् किंमत इचारू नोका.
हा नागपूरचा. जाळी नाई, पडदा नाई, निस्ता पाईप.
गाडी घुग्घूसले असली तं वणीत समजते.
अन् हा मी बनवलेला. दोन खन, डबल पत्रा.
दिसाले बेकार हाये."

मी सतरा वर्षांचा किलिंडर.
मला नागपूरचाच हवा होता.
शिरपूरच्या कॉलेजसमोरून जाताना
सगळ्यांनी वळून पाहावं, एवढीच माझी इंजिनिअरिंग.

देवमन उस्ताद म्हणाला, "वाजव."
मिस्त्रीनं चौदाच्या पान्यानं एकेकाला ठोकलं.
नागपूरचा घंटेसारखा खणखणला.
घरगुती बोलला भिजल्या पोत्यागत, धब्.
उस्ताद पाईपाकडे पाहत नव्हता.
माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"पुन्हा."
पुन्हा ठोकलं. पुन्हा माझं तोंड.

तेव्हा कळलं मला, गेली दोन वर्षं
हॉर्न कुणाचा, मागून की पुढून, हे तो मलाच का विचारतो.
चहाच्या टपरीवर नेहमी उजवी बाजू भिंतीकडे का धरतो.
बावीस वर्षं खिडकीपाशी बसलेला उजवा कान
कुठल्या तरी फेरीत रस्त्यातच सांडून आला होता,
आणि डावाही बहुधा उतरणीला लागला होता.
मिस्त्रीला माहीत असावं.
त्यानं पाना खिशात घातला आणि विडी शोधू लागला.

उस्तादनं दोन्ही नळ्यांच्या तोंडात मूठ घालून पाहिली,
आंब्याच्या बरणीत घालतात तशी.
नागपूरच्यात हात कोपरापर्यंत गेला.
घरगुतीत मनगटाशीच अडला.
"इंजिनाले बी थोडा दम कोंडाले लागते," तो म्हणाला,
"मोकया नळीतून जोर निस्ता वाहून जाते.
हाच बसव."

माझं तोंड पडलं असणार.
तो ते वाचायचाच.
"तुह्या कानाचं काय वय हाये बे?"
एवढंच विचारलं, आणि उत्तराला थांबला नाही.

अठराशे ठरले. तवा मिस्त्रीनं परत दिला,
"वहिनीले म्हना, धुतला तं अजून चालते."

रात्री भरून निघालो. शिरपूर मागे पडलं,
कॉलेजला कुलूप होतं, वळून पाहायला एक कुत्रं.
"आवाज कसा हाये रे?" त्यानं ओरडून विचारलं.
मी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, "येतच नाई!"
तो हसला. "मंग दोघायचं सारखंच झालं."

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.
दोन वर्षांत पहिल्यांदा मला कॅबिनमधलं सामान ऐकू येत होतं:
कॅनमधलं पाणी, ताडपत्रीचा सुटका दोर,
डॅशबोर्डवरच्या लिंबाचं इकडून तिकडे घरंगळणं.
आणि त्या सगळ्याखाली आणखी काहीतरी.
आधी वाटलं बेअरिंग गेलं.

उस्ताद गुणगुणत होता.
चाल कुठलीच नव्हती, सूर खड्ड्याखड्ड्याला बदलत होता,
पण मन लावून चाललं होतं,
कदाचित बावीस वर्षांपासून,
त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

वर्धेचा पूल आला. मी काच वर केली.