आवाजाचं बटण

जिनिंगच्या शेठनं शेन्झेनहून आणलेले चार,
त्यातले तीन केव्हाच गेले. हा चौथा.
पाठीवर चिनी अक्षरं आणि एक नंबर, इतका बारीक
की भिंगातून वाचावा लागतो.
शेवटचा आकडा वाचण्यात चुकलो
तर टॅबलेटची पाटी होते,
दगडी.

चोपडा बसस्टँडमागे माझं दुकान, साडेसहा बाय आठ.
ऑक्टोबरची दुपार, इन्व्हर्टर कण्हतोय.
शेठ म्हणाला, ह्याच्यात दोन-दोन कशाला?
चालू केला की विचारत बसतो, ह्यात जायचं की त्यात,
तोवर काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग पार नाक्यापर्यंत.
नवं विंडोज टाक. अँड्रॉइड पुसून काढ.
आणि गेला.
मागे राहिला त्याचा काटेवाला, अडावदचा रुबाब तडवी,
स्टुलावर, चपला बाहेर काढून,
दवाखान्यात आल्यासारखा.

ह्या टॅबलेटला पोर्ट एकच.
त्यातूनच चार्जिंग, त्यातूनच पेनड्राइव्ह, कीबोर्ड,
म्हणून हब लावायचा. हब बॅटरी खातो,
म्हणून आधी तासभर नुसतं चार्जिंग.
तो तास आम्ही दोघं टक्के मोजत बसलो.
बासष्टला घरून फोन आला.
'कव्हय येशी?'
'येस ना, आते येस.'
रुबाब हसला. म्हणाला,
मघाशी शेठशी तुम्ही दुसरंच बोलत होते.

जुन्या पावत्या काढून घेतल्या, विंडोज बसवलं.
बोट लावलं तर सगळं उलटं.
उजवीकडे दाबावं, डावीकडे उमटावं.
नऊ दाबला की सात, सात दाबला की नऊ.
रुबाब पटकन बोलून गेला,
राहू द्या ना असंच,
कोणाचे तरी साताचे नऊ होतील.
मग जीभ चावून गप्प.
टचची फाइल असते, प्रत्येक खेपेची निराळी.
तिसरी टाकली तेव्हा बोट आणि खूण
एका जागेवर आली.

पुसण्याआधी आत बघायची मला सवय आहे.
लोकांचे बारशाचे फोटो राहून जातात.
ह्याच्यात फोटो नव्हते. एक वही होती.
तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, पुढे एक आकडा,
त्याच्यापुढे आणखी एक.
पहिला आकडा ओळखीचा निघाला,
तासाभरापूर्वी पेनड्राइव्हवर काढलेल्या
पावतीवर तोच होता.
दुसरा दर वेळी मोठा.
बारा किलोनं. नऊ. चौदा. एकदा एकतीस.
तीन हंगाम, सहाशेच्या वर ओळी,
शेवटची परवाची.

मी वर पाहिलं नाही.
तो पंख्याकडे बघत होता, आणि पंखा
वीज नसल्यामुळे बंद होता.

पुसायला एक क्लिक लागतो.
त्याआधी मशीन विचारतं, नक्की?
निदान विचारायची रीत तरी पाळतं.

मी फार काही केलं नाही.
सुरुवातीला विचारायचा वेळ दहा सेकंदांचा होता,
तो शून्य केला.
आता चालू केला की सरळ विंडोज.
प्रश्न नाही, खोळंबा नाही,
शेठला वाटेल, दुसरं गेलं.

रुबाबला म्हटलं, एक लक्षात ठेवा.
चालू करताना आवाज वाढवायचं बटण
दाबून धरायचं नाही.
धरलं तर?
म्हणून तर सांगतोय, धरायचं नाही.
तो चपलेत पाय घालता घालता थांबला.
किती वेळ धरायचं नाही?
म्हटलं, चार-पाच सेकंद.

पावती फाडली: विंडोज, नग एक, साडेचारशे.
शेठनं चारशे दिले,
पन्नास राहिले म्हणाला, पुढच्या खेपेला.
मी ते मागच्या पानावर लिहून ठेवलं,
तारीख घालून.