पत्त्यावर राहत नाहीत

इमारत पाडून अकरा महिने झाल्यावर
गृहनिर्माण खात्यानं पत्रं धाडली:
नव्या घरांत परत यायचं असल्यास
तीस दिवसांत कळवा.
धाडली कुठे?
लार्किन होम्स, चौथा मजला, डावीकडचं दार.

टपालवाला लॉन्झो कुंपणापाशी थांबून
बघत राहिला वर,
चौथा मजला असायचा त्या हवेकडे.
मग शिक्का काढला: पत्त्यावर राहत नाहीत.
एकशे अकरा वेळा मारला.
त्यात खोटं काहीच नव्हतं.
संध्याकाळी व्हर्लीन टब्जकडे जाऊन म्हणाला,
हे मला सांगता येत नाही.
आणि सांगितलं.

व्हर्लीननं एकतीस वर्षं
क्लीव्हलंडच्या शाळेच्या बसना वायरलेसवरून रस्ते दाखवले.
कुठली गाडी बर्फात रुतलीय,
कुठलं पोर अजून उतरलेलं नाही,
सगळं तोंडपाठ.
शेवटचं पोर उतरल्याशिवाय
ती खुर्ची सोडायची नाही.

आम्हाला उठवलं त्या आठवड्यात
सरोवरावरून वारा सुटला होता, कान कापणारा.
फाटकाशी ही उभी, बोटं उघडी ठेवलेले हातमोजे,
सामानाच्या प्रत्येक गाडीला एकच प्रश्न:
कुठे?
लोक म्हणायचे, बघू. थोडे दिवस बहिणीकडे.
ती म्हणायची, बहिणीचा पत्ता सांग.

लिहिलं पेन्सिलीनं.
शाईत कोण राहतं, म्हणाली.

पान सात: इराइदा कोलोन, तीन मुलं, लोरेन, चुलत्याचं गॅरेज.
पान एकोणीस: मिसेस पेटवे, ऑक्सिजनची टाकी,
मोटेल, खोली बारा. खोडलं.
पुतण्या. खोडलं.
पुतण्याच्या बायकोची आई. खोडलं.
पान सत्तेचाळीस: माझी आई आणि मी,
तळघर, दार मागच्या गल्लीतून, बेल बंद आहे, खिडकी वाजवा.

सुनावणीला खात्याचा माणूस कोष्टक घेऊन आला.
एकशे चौतीस घरं त्या कोष्टकात, तेवीस भरलेली.
उरलेल्यांनी हक्क सोडला असं धरलंय, म्हणाला.
वाईट नव्हता बिचारा. घसा खाकरून म्हणाला.

बोलायला माणशी तीन मिनिटं.
व्हर्लीननं भाषण केलं नाही. पान एक उघडलं,
नाव, पत्ता, नाव, पत्ता.
चौदाव्या पानावर घंटी वाजली.
तिनं बोट पानात ठेवून वही मिटली
आणि मागे रांगेत उभ्या डेलरॉयच्या हातात दिली.
त्यानं पंधरापासून सुरू केलं.
त्याला वाचता कमी येतं. गल्ल्यांची नावं
तो दगड उचलावा तशी उचलत होता.
एकोणिसाव्या पानाच्या तळाशी अडखळला:
व्हाइटहेवन दफनभूमी, विभाग क.
मागं वळून पाहिलं.
वाच, व्हर्लीन म्हणाली. तोही पत्ताच आहे.

माझ्या हातात वही आली तेव्हा
पानं कोपऱ्यांना मऊ झाली होती, जुन्या नोटेसारखी.
मी आमचं तळघर वाचलं.
बेल बंद आहे हेही वाचलं, का कोण जाणे.
सभागृहात कुणीतरी हसलं, मग आईही हसली.

मिळालं काय?
नव्वद दिवसांची मुदत, पत्रं नव्यानं, वहीतल्या पत्त्यांवर.
आमच्या भाड्यात बसतील अशी घरं बासष्टच,
बाकीची बाजारभावाची, काचेच्या बाल्कन्यांची.
एकशे चौतीसमधून बासष्ट वजा कर,
आणि सांग मला, कोण.

खात्यानं वही मागितली. तिनं दिली नाही.
त्यांच्याच झेरॉक्स यंत्रापाशी कोट घालून बसली,
एकेक पान स्वतः ठेवत, स्वतः उचलत.
अठ्ठ्याऐंशीवर थांबली.
तिथे नुसतं नाव होतं, ॲडेल स्प्रूइल आणि बाळ,
आणि एक फोन नंबर, जो कुणी उचलत नाही.

खिडकीतला माणूस म्हणाला, बाई, पाच वाजले.
ती म्हणाली, हो का,
आणि नंबर फिरवला.