दुसरा भाग

पहिला भाग आम्ही मंडईत पाहिला,
धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत,
दोन बांबूंना ताणलेल्या चादरीवर.
चादर टेंटवाल्याची, कुठल्याशा लग्नातली,
मधोमध हळदीचा डाग.
त्या डागातूनच उतरलं त्यांचं जहाज.

सगळे गोरे लोक हिंदीत ओरडत होते.
गुरनुलेंची सीताआत्या म्हणाली,
"हे कोन्या गावचे व्हय?"
जैराम कोडापे म्हणाला, "वरचे."
"वरचे म्हंजे? ब्रह्मपुरीकडचे?"

तिथे इमारती पडत होत्या, समुद्र आटत होता,
आणि आम्ही चण्याची पुडी
एकमेकांकडे सरकवत होतो न बघता.
शेवटी एक बाई तेवढी उरली, कडेवर पोर,
आणि बटणावर बोट ठेवलेला एक म्हातारा.
जहाजाचा डोळा उघडायला लागला
तेवढ्यात जनरेटरचं डिझेल संपलं.

अंधारात आधी शिव्या, मग हसू,
मग एकदम कुणीच काही बोलेना.
घरी आलो सातआठ जण मिळून,
वाघाला कळावं म्हणून मोठमोठ्यानं बोलत,
आणि बोलायला विषय एकच:
म्हाताऱ्यानं बटण दाबलं का?

जैरामनं रस्त्यात तीन शेवट सांगितले.
तिसऱ्यात ते लोक आमच्याच तलावात उतरतात,
शिंगाडे खातात, आणि त्यांची पोटं बिघडतात.

अकरा वर्षं झाली.
शेवट आता मोबाईलवर पडलाय, फुकट.
मी पाहिला नाही.

मधे एकदा संध्याकाळी आभाळातून
जळत्या रेघा गेल्या, ओळीनं पाचसहा.
लोक अंगणात आले, कुत्री खाटेखाली गेली.
दुसऱ्या दिवशी कळलं, कुठल्या तरी देशाच्या
रॉकेटाचे तुकडे होते, झाले जळून.
पण त्या रात्री जैरामनं दार वाजवलं होतं
आणि त्याचा चेहरा, काय सांगू,
पोराला पहिल्यांदा बापाच्या सायकलवर बसवल्यासारखा.
"आला बाप्पा," म्हणाला, "दुसरा भाग."

आता खरंच येतोय म्हणतात.
झलक मी पाण्याच्या टाकीवर चढून पाहिली,
तिथेच दोन काड्या रेंज येते.
एक मिनिट बावन्न सेकंद.
धूर, धूर, एक बूट, परत धूर,
आणि शेवटी कुणाचा तरी श्वास.
तारीख आधी दिवाळीची होती, मग उन्हाळ्याची,
आता नुसतं लिहिलंय: लवकरच.
हा शब्द आम्हाला पाठ आहे.
नदीवरच्या पुलाच्या पाटीवर तो एवढ्यांदा रंगवला
की खालची तारीख दिसत नाही.

मी मात्र एक हिशेब केलाय टाकीवर बसून.
दुसरा भाग येतोय,
म्हणजे पहिल्यात कुणीतरी वाचलं.
ती बाई असेल, ते पोर असेल,
म्हाताऱ्याचं बोट तरी असेल.
सगळेच संपले असते तर
पुढचं कुणाबद्दल काढलं असतं?

हे जैरामला सांगायचंय.
तो माघात गेला खम्ममकडे, मिरची तोडायला,
टेम्पोत उभ्यानं, बायकोपोरासकट.
जाताना म्हणाला, "मी आल्याबिगर पाहू नको, लेका.
पाहिला तं सांगू नको. सांगितला तं खोटा सांग."
होळीपासून त्याचा फोन लागत नाही.
बाई तेलुगूत काहीतरी बोलते, गोड आवाजात,
दरवेळी तेच वाक्य.
आता मला ते पाठ झालंय, अर्थ माहीत नाही.
मिरचीवाले चैताच्या शेवटी परततात,
कधी पुढेही जातं.

शाळेच्या मडावी गुरुजींना विचारून ठेवलंय,
प्रोजेक्टर देतो म्हणाले, भिंत नको, चादर आण.
चादर धुतली.
आणि काल नागभीडहून येताना
दहा लिटर डिझेल घेतलं, कॅनमध्ये,
माजघरात कोठीमागे ठेवलं.
आईला वास आला. कशाला म्हणाली.
मी म्हटलं, मोटरीला.
आमच्याकडे मोटर नाही, तिला माहीत आहे.